मोठे घर सोडून निघताना

मोटारसायकलच्या शर्यतींवरचा लेख बायकांच्या साप्ताहिकात कशाला, असे एखादी विचारील. तिचे काही चुकले नाही. आपला फटफटीशी संबंध येतो तो मागच्या सीटवरून. मांडीवर लेकरू, हातात भाजीची पिशवी, पदर चाकात जाऊ नये म्हणून कमरेला घट्ट खोचलेला आणि तोंडाने "अहो, हळू चालवा ना!" हा जप. आमच्या मंगरूळपीर तालुक्यातून शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे वेगाशी आमचे नाते तेवढेच! ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे पळणाऱ्या त्या शर्यतीच्या गाड्यांशी आपले काय देणेघेणे?

पण मैत्रिणींनो, मी वेगाबद्दल लिहायला बसलेलेच नाही. मी लिहिणार आहे ते निघण्याबद्दल. जिथे उमेदीची वर्षे गेली, जिथे नाव मिळाले, ती जागा सोडून माणूस निघतो, तेव्हा काय काय होते ते. कोण रागावते, कोण रडते, सोबत काय नेता येते आणि मागे काय ठेवावे लागते. एक घर सोडून दुसऱ्या घरी रुजायचे शिक्षण आपल्याला न मागता मिळालेले असते. तेव्हा हा विषय आपल्याला कळणार नाही तर कोणाला?

कारखान्याचा संघ म्हणजे काय?

मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींना 'मोटोजीपी' म्हणतात. त्यात होंडा, यामाहा, डुकाटी, एप्रिलिया आणि केटीएम या कंपन्यांच्या गाड्या पळतात. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा एक संघ असतो. तो कारखान्याचा संघ. त्यातल्या स्वाराला मानधन कंपनी देते, नवा सुटा भाग तयार झाला की आधी त्याच्या गाडीला लागतो, आणि त्याच्या तक्रारी ऐकायला कंपनीचे इंजिनिअर हजर असतात. दुसरे असतात ते स्वतंत्र संघ. ते कंपनीकडून गाड्या भाड्याने घेतात. पुष्कळदा त्या आदल्या वर्षीच्या असतात. थोडक्यात, एक वाडा आणि एक भाड्याचे बिऱ्हाड.

आता साहजिकच प्रत्येकाला वाड्यात शिरायचे असते. पण वाड्यातली जागा कायमची नसते. करार बहुधा एक-दोन वर्षांचा. तो संपायच्या आधीच पुढच्या माणसाशी बोलणी सुरू होतात आणि आपल्या जागेवर कोण येणार हे कधी कधी वर्तमानपत्रातून कळते. मी स्वतः शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. एप्रिलमध्ये वर्ष संपते आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही, हे शाळा उघडेपर्यंत नक्की नसते. त्यामुळे त्या कोट्यधीश पोरांच्या पोटातला तेवढा एक गोळा मला नीट समजतो!

मुंबईची कंपनी आणि तीन पोरे

ही सगळी परदेशातली कौतुके आहेत असे मात्र समजू नका. २०११ साली आपल्या मुंबईच्या महिंद्रा कंपनीने या जागतिक शर्यतींत स्वतःचा संघ उतरवला. आधी १२५ सीसीच्या गटात आणि तो गट बंद झाल्यावर २०१२ पासून 'मोटो-थ्री' या गटात. तिथे अडीचशे सीसीच्या गाड्या असतात आणि तेव्हा तिथले पुष्कळ स्वार म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीत असतात त्या वयाची पोरे असत.

पहिली वर्षे कष्टाचीच गेली. होंडा आणि केटीएमसारख्या मुरलेल्या कंपन्यांपुढे नवख्याने उभे राहायचे म्हणजे सोपे नव्हते. मग २०१३ मध्ये मिगेल ऑलिव्हेरा नावाचा पोर्तुगालचा अठरा वर्षांचा मुलगा संघात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मलेशियाच्या सेपांग इथे त्याने तिसरा क्रमांक मिळवला आणि भारतीय कंपनीची गाडी पहिल्यांदा विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढली. दोन वर्षे राहून तो २०१५ ला केटीएमकडे गेला आणि त्या वर्षी जगज्जेतेपद अवघ्या ६ गुणांनी हुकले. या मुलाने शर्यती करता करता दंतवैद्यकाचा अभ्यासही केला, हे वाचून मला फार बरे वाटले. घरी कोणीतरी "आधी शिक्षण" म्हणणारे असणार!

तो गेला त्याच वर्षी महिंद्राच्या गाडीवर दोन नवी पोरे बसली. इटलीचा फ्रान्चेस्को बन्याया, वय १८. स्पेनचा होर्हे मार्टिन, वय १७. बन्यायाचे पहिले वर्ष २०१३ मध्ये दुसऱ्याच संघात गेले होते आणि त्या आख्ख्या वर्षात त्याला एक गुणसुद्धा मिळाला नव्हता. शाळेत अशा मुलाला आपण मागच्या बाकावर बसवून मोकळे होतो. त्याच बन्यायाने २६ जून २०१६ रोजी हॉलंडमधल्या ॲसेन इथे महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला आणि ऑक्टोबरमध्ये सेपांगला दुसरा. मार्टिनही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेक देशातल्या ब्रनो इथे पावसात दुसरा आला.

आणि वर्ष संपले तशी दोघेही निघाली. बन्याया वरच्या गटात गेला, मार्टिन होंडाच्या गाडीकडे गेला. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या अखेरीस, महिंद्रानेही या शर्यतींतून अंग काढून घेतले आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींवर लक्ष केंद्रित केले. म्हणजे इथे पोरेही निघाली आणि घरही बंद झाले.

मग त्या पोरांचे काय झाले? बन्याया २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे मोटोजीपीचा जगज्जेता झाला. २०२४ मध्ये त्याच्याहून १० गुण जास्त मिळवून मार्टिन जगज्जेता झाला. तीन वर्षे ओळीने जगातला पहिल्या नंबरचा स्वार म्हणजे कधीकाळी मुंबईच्या कंपनीची गाडी चालवलेला मुलगा! महिंद्राच्या पदरात काय पडले, असे हिशेबी माणूस विचारील. मी शिक्षिका म्हणून सांगते, आपण शिकवलेली मुले दुसऱ्याच शाळेतून बोर्डात येतात, पेढे तिकडे वाटले जातात. पण अक्षर कोणी घटवून घेतले ते आपल्याला ठाऊक असते.

अकरा वर्षांचा संसार

आता मुख्य गोष्ट सांगते. स्पेनचा मार्क मार्केस २०१३ साली होंडाच्या कारखान्याच्या संघात आला तेव्हा वीस वर्षांचा होता. पहिल्याच वर्षी जगज्जेता. मग २०१४, २०१६, २०१७, २०१८, २०१९. सात वर्षांत सहा वेळा. २०२० च्या फेब्रुवारीत होंडाने त्याच्याशी एकदम चार वर्षांचा करार केला. या धंद्यात इतका लांबचा करार क्वचितच होतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्पेनमधल्या हेरेझ इथे तो पडला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. हाडात पट्टी बसवली आणि आठवड्याच्या आत हा बहाद्दर पुन्हा गाडीवर! पुढे घरी एक मोठी खिडकी उघडताना ती पट्टीच तुटली. मग एकामागून एक अशी एकंदर चार मोठी ऑपरेशने झाली, चौथे २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत. मध्ये एकदा डोके आपटून एकाचे दोन दिसायला लागले. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना कोणी उगीच पाळायला सांगत नाही. शरीराला त्याचा वेळ द्यावाच लागतो, तो जगज्जेत्यालाही चुकत नाही.

तो बरा होईतो होंडाची गाडी मागे पडली होती. इटलीच्या डुकाटी पुढे गेल्या होत्या. २०२३ मध्ये त्याला रविवारच्या मोठ्या शर्यतीत एकही विजय मिळाला नाही. त्याच वर्षी २२ ते २४ सप्टेंबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. शनिवारच्या छोट्या शर्यतीत मार्टिन पहिला, बन्याया दुसरा आणि मार्केस तिसरा आला. आपल्या या गोष्टीतली तिन्ही माणसे त्या दिवशी भारताच्या मातीवर एका चौथऱ्यावर उभी होती. त्यानंतर दीड आठवड्याने, ४ ऑक्टोबरला बातमी आली की होंडा आणि मार्केस परस्पर संमतीने करार एक वर्ष आधीच संपवत आहेत.

'परस्पर संमतीने' हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतो, कोर्टाच्या बातम्यांत वाचतो. त्या दोन शब्दांमागे किती रात्रींची जाग असते, ते ज्याचे त्याला माहीत. इथे भांडण नव्हते. पैशाचा प्रश्न तर नव्हताच, सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या स्वारांत त्याची गणना होत होती. त्याला एवढेच कळून घ्यायचे होते, की मोडलेला हात आपला की मागे पडलेली गाडी आपली? जिंकणे जमत नाही ते नक्की कशामुळे? होंडात राहून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नव्हते. म्हणून वाडा सोडून तो बिऱ्हाडात गेला. आदल्या वर्षीची डुकाटी चालवणाऱ्या एका स्वतंत्र संघात, जिथे त्याचा धाकटा भाऊ ॲलेक्स आधीपासून होता.

त्या बिऱ्हाडाची मालकीण

हा संघ कोणाचा होता ते ऐका, म्हणजे हा लेख या साप्ताहिकात का, हा प्रश्न उरणार नाही. संघाचे नाव ग्रेसिनी. तो उभा केला फाउस्तो ग्रेसिनी यांनी. ते स्वतः १२५ सीसी गटात दोनदा जगज्जेते झालेले स्वार. कोरोनाने त्यांना गाठले आणि सुमारे दोन महिने इस्पितळात झुंजून २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी नादिया पादोव्हानी आणि चार मुले.

नवऱ्याच्या पश्चात त्याचा धंदा विकून टाकावा, असा सल्ला द्यायला सगळीकडेच माणसे असतात. नादियाबाईंनी तो चालवायचा ठरवला. तोही असा धंदा, की जिथे संघाच्या मालकीणबाई म्हणून दुसरी कोणी नव्हतीच. २०२२ च्या हंगामातली पहिलीच शर्यत, ६ मार्च, कतार. त्यांच्या संघाचा एनेआ बास्टियानिनी पहिला आला. त्या बाई तिथेच रडत होत्या, जगाने पाहिले. वर्षअखेर तो मुलगा जगात तिसरा आला आणि डुकाटीच्या कारखान्याने त्याला उचलून नेले. म्हणजे लेकीला वाढवावे आणि सासरी पाठवावे, तसेच हे!

अशा घरी मार्केस आला. १ सप्टेंबर २०२४ ला स्पेनमधल्या अरागॉन इथे तो जिंकला, तेव्हा मागच्या विजयाला १,०४३ दिवस झाले होते. त्या वर्षात त्याने तीन शर्यती जिंकल्या. त्याला उत्तर मिळाले होते. २०२५ मध्ये डुकाटीच्या कारखान्याने त्याला आपल्या संघात घेतले आणि २८ सप्टेंबर २०२५ रोजी तो सहा वर्षांनी पुन्हा जगज्जेता झाला. कुठे? जपानमधल्या मोतेगी इथे, खुद्द होंडाच्या मालकीच्या सर्किटवर. धाकटा ॲलेक्स नादियाबाईंच्या संघातच राहून त्या वर्षी जगात दुसरा आला.

सोबत काय नेता येते?

स्वार निघतो तेव्हाचे रीतिरिवाज मला फार बोलके वाटतात. करार ३१ डिसेंबरपर्यंत जुन्या घराचा. पण नव्या गाडीची पहिली चाचणी नोव्हेंबरमध्येच असते. होंडाने मार्केसला ती चाचणी करू दिली, पण वर्ष संपेपर्यंत नव्या गाडीबद्दल चार लोकांत बोलायचे नाही, अशी अट होती. पूर्वी याहून कडक वागत. २००३ साली इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी होंडा सोडून यामाहाकडे निघाला, तेव्हा होंडाने त्याला वर्ष संपेपर्यंत नव्या गाडीला हातही लावू दिला नाही. जानेवारीत तो पहिल्यांदा त्या गाडीवर बसला आणि १८ एप्रिल २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकॉम इथे पहिलीच शर्यत जिंकला!

आणि माणसे? स्वाराची गाडी पाहणारे चार-सहा मेकॅनिक, एक मुख्य तंत्रज्ञ, हे त्याचे घरच असते. मार्केसचा मुख्य तंत्रज्ञ सांती हर्नांडेझ वर्षानुवर्षे त्याच्यासोबत होता. तो होंडातच राहिला. सोबत आला फक्त एक मेकॅनिक. मला तर आपल्याकडच्या पाठराखणीची आठवण झाली. नव्या नवरीसोबत चार दिवस सोबतीला जाते ना, तशी. माहेरचे सगळे गाव मागे राहते आणि ओळखीचे एक तोंड सोबत येते. तेवढ्यावर नवे घर सुरू होते.

निघाला तो जिंकलाच, असे नाही

एवढे वाचून कोणी असे समजू नये की घर सोडले की भाग्य उजळते. तोच रॉसी २०११ मध्ये यामाहा सोडून डुकाटीकडे गेला. इटलीचा स्वार, इटलीची गाडी, लोकांना केवढा आनंद! दोन वर्षांत एकही विजय नाही. मग त्याने काय करावे? मान खाली घालून २०१३ मध्ये यामाहाकडे परत आला आणि तिथे पुन्हा जिंकू लागला. परत येण्यात कमीपणा नसतो, हे त्याने दाखवले.

मार्टिनचे पाहा. २०२४ च्या जूनमध्ये डुकाटीने कारखान्यातली रिकामी जागा त्याला न देता मार्केसला दिली. दुखावलेल्या मार्टिनने एप्रिलियाशी करार केला, आणि उरलेले अर्धे वर्ष स्वतंत्र संघाच्या डुकाटीवर बसून जगज्जेतेपद जिंकले. पण २०२५ मध्ये एप्रिलियाच्या गाडीवर बसला तो अपघातांचीच रांग लागली. एप्रिलमध्ये कतारला अकरा बरगड्या मोडल्या. मे महिन्यात अंथरुणावरून त्याने करारातल्या एका कलमाचा आधार घेऊन निघून जायचे ठरवले. एप्रिलिया म्हणाली, करार २०२६ पर्यंत आहे, आम्ही सोडत नाही. दोन महिने वाद चालला आणि जुलैमध्ये ब्रनोला तो परतला तेव्हा म्हणाला, मी इथेच राहतो. म्हणजे कधी कधी निघायचा विचार करून पुन्हा त्याच घरात नांदावे लागते, आणि तेही जमते.

आपला ऑलिव्हेरा, दंतवैद्यक शिकलेला. २०२० मध्ये केटीएमच्या गाडीवर तो आपल्याच देशात, पोर्तुगालला जिंकला. दोन वर्षांनी कंपनीने त्याची कारखान्यातली जागा दुसऱ्याला दिली आणि त्याला दुय्यम संघात बसायला सांगितले. त्याने मानाने नकार दिला आणि दुसरीकडे गेला. त्यानंतर त्याला मोटोजीपीत विजय मिळाला नाही, आणि २०२५ अखेर ती स्पर्धाच सोडावी लागली. आणि त्या केटीएम कंपनीचे? ऑस्ट्रियातली ती कंपनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, आणि २०२५ मध्ये तिला आठशे दशलक्ष युरोंचा हात देऊन सावरले ते आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीने. केटीएमच्या गाड्या चाकणला बनतातही. मोठ्या घरांचे वासेसुद्धा फिरतात, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

आणि एक मुलगी. स्पेनची आना कारास्को. २०१८ मध्ये कावासाकीच्या गाडीवर तिने पुरुषांच्या बरोबरीने पळून तीनशे सीसीच्या गटात जगज्जेतेपद मिळवले, तेही एका गुणाने. असा मान मिळवणारी जगातली पहिली बाई. २०२० मध्ये पडून पाठीचे मणके मोडले. २०२१ मध्ये परत येऊन जिंकली. २०२२ मध्ये ते घर सोडून ती मोटो-थ्रीत गेली, तिथे दोन वर्षे यश आले नाही. २०२४ मध्ये बायकांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा पहिल्यांदा सुरू झाली, त्यात पुन्हा जगज्जेती! आपल्याकडे बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिनेही २०१९ मध्ये वाळवंटातल्या 'बाहा' शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा मुलगी गाडी शिकते म्हटल्यावर नाक मुरडू नका.

घरातले उदाहरण

या सगळ्या गोष्टी मला सांगितल्या त्या आमच्या पुतण्याने, म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या मुलाने. आयटीआय करून पुण्याकडे एका कारखान्यात लागला होता. तीन वर्षे "पुढल्या वर्षी कायम करू" हे ऐकत राहिला. मग नव्याने आलेल्या एका मुलाला त्याने काम शिकवले आणि कायम झाला तो नवा मुलगा. दिवाळीला घरी आला आणि फराळाच्या ताटावरच सांगितले, "मी राजीनामा देऊन आलो."

भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. जाऊबाई स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. सासूबाई आमच्या सरळ, त्यांनी विचारूनच टाकले, "काऊन सोडली रे बाप्पा, लागलेली नोकरी? आता पोरगी कोन देईन तुले?"

मैत्रिणींनो, खरे दुखणे तिथेच होते. पगार काही फार मोठा नव्हता. खोलीचे भाडे आणि खानावळ जाऊन हाती उरायचे ते थोडेच. पण "मुलगा कंपनीत आहे" हे चार शब्द स्थळे बघताना उपयोगी पडत. गावात तीन एकर सोयाबीन-तुरीची शेती आहे असे सांगून आजकाल कोणी मुलगी देत नाही, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या पोराने नोकरी सोडली म्हणजे आईच्या हातातले ते चार शब्द सोडले.

रात्री तो मोबाइलवर जुन्या शर्यती बघत बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "काकू, मार्केस होंडात राहिला असता तर पगार चालूच राहिला असता. पण त्याला गाडी जमत नाही की हात जमत नाही, हेच कळलं नसतं. मलाही तेच कळत नव्हतं. मी कामात कच्चा आहे, की तिथं माझी जागाच नाही?"

मी काही उपदेश केला नाही. एकच विचारले, "तिथून निघताना भांडून निघालास का?" तो म्हणाला, "नाही. महिन्याची नोटीस दिली. अनुभवाचा दाखला घेतला. साहेबांच्या पाया पडून आलो." म्हटले, मग ठीक आहे.

सध्या तो वाशीमला एका वर्कशॉपमध्ये काम करतो. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, रोजचे जाणे-येणे आहे. भाऊजी आता बोलतात, पण नोकरीचा विषय निघाला की पेपर उघडतात. एका स्थळाकडून नकार आला, दुसऱ्याकडचे उत्तर यायचे आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. शर्यतीचा निकाल दुपारी लागतो, संसाराचा इतक्या लवकर लागत नाही.

तुमच्या घरी हा प्रसंग आला तर

मुलगा, धाकटा दीर, भाऊ, कोणीतरी एक दिवस येऊन सांगतोच. हल्ली मुलीही सांगतात. त्या वेळी या गोष्टी उपयोगी पडतील.

एक, पहिल्या दिवशी "का सोडलीस?" विचारू नका. जेवायला वाढा. प्रश्न दुसऱ्या दिवशीही विचारता येतो.

दोन, सोडायच्या आधीच तो विचारायला आला असेल, तर करार किंवा नेमणुकीचा कागद दोघांनी मिळून वाचा. नोटीस किती दिवसांची आहे? मध्येच सोडली तर पैसे भरावे लागतात का? मार्टिनचा दोन महिन्यांचा वाद करारातल्या एका कलमावरूनच झाला.

तीन, निघताना अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या घ्यायच्याच. भविष्य निर्वाह निधीचे पैसे घाईने काढू नका, नव्या नोकरीत ते खाते पुढे चालवता येते.

चार, तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का, ते बघा. नसेल तर निघण्याची तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. मार्केसची गोष्ट वेगळी, त्याच्या घरी चूल विझणार नव्हती.

पाच, दुखणे घेऊन घाईने पुन्हा कामावर धाडू नका. त्या तुटलेल्या पट्टीची आठवण ठेवा.

सहा, जुन्या जागेला शिव्या देऊ नका, त्यालाही देऊ देऊ नका. रॉसीला परत जावे लागले, तेव्हा यामाहाचे दार उघडे होते. दार निघताना आपटले नव्हते म्हणून ते उघडे होते.

आणि सातवी गोष्ट आपल्यासाठी. "लोक काय म्हणतील" याची भीती घरात सर्वांत जास्त आईला असते, कारण उत्तरे द्यायला तीच दारात उभी असते. हळदीकुंकवाला, लग्नात, दळण आणताना. उत्तर आधीच ठरवून ठेवा. "त्याने जागा बदलली आहे" एवढे पुरते. नादियाबाईंनाही लोकांनी विचारलेच असेल की, तुम्हाला यातले काय कळते?

युरोपात शर्यत असली की आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होते. तेव्हा चहाची वेळ असते. मुलगा मोबाइल घेऊन बसला असेल तर त्याच्या शेजारी कप घेऊन बसा आणि विचारा, यातला कोण कुठल्या घरातून कुठे गेला? तो भडाभडा सांगेल. मग हळूच दाखवा, की ही पोरे डोक्याला शिरस्त्राण, पाठीला कवच आणि हातात मोजे घातल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नाहीत. आणि आपला राजा हेल्मेट कोपरात अडकवून बाजारात जातो! तेवढे एक हेल्मेट त्या संध्याकाळी डोक्यावर चढले, तरी मला पुष्कळ.